देवखडीची छत्तीस तिकिटं

पहाटे पाचला अब्राहाम सरांनी प्रेमदान चौकात हात वर केला आणि नेहमीची रिक्षा नेहमीसारखी येऊन थांबली. गेले सहा महिने हे असंच चाललं होतं. सरांनी हात करायचा, रिक्षावाल्यानं काही न विचारता स्टेशनचा रस्ता धरायचा. पण आज सरांचा एक पाय रिक्षात आणि एक पाय डांबरावर असताना तो म्हणाला, "सर, आज कुठं? शटल तर आजपासून बंद झाली ना?" त्यानं अगदी सहज विचारलं, भाजीचा भाव विचारावा तसं. सर मात्र तसेच अडकून राहिले. त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. शुक्रवारच्या पेपरात चार ओळींची बातमी होती. शॅरननं, त्यांच्या सुनेनं, ती नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवली होती आणि मार्कनं, त्यांच्या मुलानं, 'चला, आता बाबा सकाळी झोपतील तरी' असं म्हणत पोह्यांवर लिंबू पिळलं होतं. तेव्हा सर हसलेही होते. पण पेपर वाचतं ते डोकं. शरीर जुन्या गड्यासारखं, ते कशाला पेपर वाचतंय? ते चारला उठलं, त्यानं दाढी केली, थर्मासमध्ये चहा भरला, कुणाला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरलं आणि चौकात येऊन उभं राहिलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्याच शरीराची इतकी कीव यावी, याची सरांना लाज वाटली. परत घरी जायचं म्हणजे पुन्हा चपला हातात घ्याव्या लागणार होत्या. "माळीवाडा स्टँडला सोड," असं ते बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण देवखडीला चाललो आहोत.

खरं म्हणजे त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच जायला हवं होतं. एसटीत खिडकीशी बसल्यावर सरांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. बसमध्ये चहा ओतणं म्हणजे मांडीवर सांडून घेणं. गाडीत ते जमायचं. सव्वापाचशे मीटर लांब फलाट, दहा डबे, आणि तिसऱ्या डब्यातली डावीकडची खिडकीची जागा, ही सहा महिने त्यांची होती. नगरहून दौंडमार्गे पुण्याला जाऊन रात्री परतणारी ही सकाळची शटल सहा महिन्यांच्या चाचणीवर सुरू झाली, त्या दिवशी सर नुसते बघायला गेले होते. इंजिनाला हार, नारळ, पेढे, पाच-सहा भाषणं. कुणीतरी 'या सर, बसा' म्हणालं आणि ते बसले, ते दौंडला पोचल्यावरच उठले. तिथे फलाटावर एक चहा प्यायला आणि परतीच्या गाडीनं नगरला आले. त्या रात्री, त्यांची बायको कृपा गेल्यानंतरच्या वर्षभरात पहिल्यांदा, त्यांना नीट झोप लागली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेआठला मार्कची आणि शॅरनची दारं एकापाठोपाठ बंद होत, आणि त्यानंतर दिवसभर फ्रीजच्या घरघरीशिवाय काही नसे. गाडीत मात्र चोहीकडे कामावर निघालेली माणसं. कुणी डब्यातली पोळी इथेच खाऊन घेतंय, कुणी मान टाकून झोपलंय, कुणी साहेबाला फोनवर 'पोचतोच' म्हणतंय. त्यांच्यात बसलं की आपल्यालाही कुठेतरी वेळेवर पोचायचं आहे असं वाटायचं. कुणी विचारलं तर 'दौंडपर्यंत' हे भारदस्त उत्तर होतं. दौंडला काय काम, हे विचारायची रीत गाडीत नसते.

आणि ही माणसं तरी कोण? ज्यांना पुणं पोटाला घालत होतं पण अंगणात उभं करत नव्हतं, ती. हडपसर, मांजरी, लोणी. जिथे सर तरुणपणी सायकलवरून उसाच्या बांधाला बांध लागलेला बघत गेले होते, तिथे आता बावीस-बावीस मजले उभे राहिले होते. त्या मजल्यांवर फरशी पुसायला, लिफ्ट चालवायला, सलाईन लावायला माणसं हवी होती; त्या माणसांनी झोपायचं कुठे, हा प्रश्न ज्याचा त्यानं सोडवायचा होता. ही शटल आली आणि नगर-श्रीगोंद्याकडच्या कितीतरी माणसांचा तो प्रश्न सुटला. रात्री आपल्या घरी झोपता येऊ लागलं. एवढंसं सुख, पण रेश्माला विचारा. रेश्मा म्हणजे देवखडीच्या आप्पासाहेबांची सून, हडपसरच्या एका दवाखान्यात नर्स. नवरा समर्थ कंटेनरवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. शटलच्या आधी रेश्मा हडपसरला चार मुलींत एका खोलीत राहायची आणि रविवारी घरी यायची. तिची निकिता तेव्हा तीन वर्षांची. रविवारी आई आली की पोरगी आजीच्या पदरामागे जायची आणि तिथून बघायची, जशी पाहुण्या बाईकडे बघावी. 'मी खाऊ घेऊन जाते सर, आणि ती खाऊ घेते अन् आजीच्या मांडीवर बसून खाते,' असं रेश्मानं एकदा सांगितलं होतं. शटल सुरू झाल्यावर पहिले वीस दिवस निकिता आईजवळ झोपली नाही. एकविसाव्या दिवशी झोपली. ते सांगताना रेश्मा खिडकीबाहेर बघत होती आणि सर थर्मासचं झाकण पुन्हा पुन्हा फिरवत होते.

देवखडी हे सरांचं जुनं गाव म्हटलं तरी चालेल. मिशनच्या शाळेत त्यांनी तिथे एकोणीस वर्षं काढली होती. आप्पासाहेब हा त्यांच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, पुढे कालव्यावर पाटकरी झाला. कालव्याचं पाणी कुणाच्या वावरात किती तास सोडायचं ते बघणारा माणूस. आयुष्यभर त्यानं पाण्याच्या पाळ्या लावल्या. त्या भागात पाणी कमी आणि भांडणं फार, त्यामुळे पाटकऱ्याची यादी म्हणजे देवाचा कौल. कुणाला अर्धा तास जास्त नाही, कुणाला अर्धा तास कमी नाही. या माणसाच्या कानावर जेव्हा आलं की, हॉल्टवर रोज चाळीस उतारू दिसले नाहीत तर गाडी देवखडीला थांबणार नाही, आणि मधले हॉल्ट कोरडे निघाले तर गाडीच राहणार नाही, तेव्हा त्यानं काय करावं? त्यानं यादी केली. पासवाले चार: रेश्मा, एक तलाठी ऑफिसातला शिपाई, दोघं लोणीच्या गोडाऊनवर जाणारे. राहिली छत्तीस तिकिटं. ती वाड्यावस्त्यांवर पाळीनं वाटली. सोमवारी मळ्याची वस्ती, मंगळवारी चर्चजवळची घरं, बुधवारी गावठाण. यादी दूध डेअरीच्या फळ्यावर लागली. ज्याची पाळी त्यानं पहाटे हॉल्टवर यायचं, पत्र्याच्या खोलीतल्या एजंटाकडून दौंडपर्यंतची छत्तीस तिकिटं घ्यायची, गाडीला हात जोडायचे आणि घरी जाऊन धारा काढायच्या. कुणी जायचं कुठे नाही. सरांनी तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून हे रोज बघितलं होतं. पटका बांधलेला एखादा म्हातारा हातात तिकिटांचा गठ्ठा घेऊन उभा आहे आणि गाडी हलल्यावर पाहुण्यांना निरोप द्यावा तसा हात हलवतो आहे. आप्पासाहेबानं हे सरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. चार महिन्यांत एक पाळी चुकली नाही, असं तो म्हणाला होता. फक्त पिठाच्या गिरणीवाला ज्ञानेश्वर दोनदा कुरकुरला, एवढंच. सर तेव्हा पोट धरून हसले होते. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण इतक्या माणसांनी मिळून एका रेश्मासाठी आणि तिघांसाठी रोज पहाटे उठावं, हे त्यांना बायबलातल्या कुठल्याही चमत्काराइतकंच मोठं वाटलं होतं.

चूक झाली ती त्या छत्तीसातच. रेल्वेनं मोजणीसाठी पाठवलेला एक पोरगेला माणूस तीन दिवस गाडीत होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टकटक वाजणारं मोजायचं यंत्र, पाठीवर सॅक. तिसऱ्या दिवशी तो देवखडी सुटल्यावर सरांच्या समोर येऊन बसला. दिसायला गरीब, बोलायला मऊ. सरांनी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "सर, या हॉल्टवर रोज छत्तीस तिकिटं जातात. पस्तीस नाही, सदतीस नाही, अमावस्येलाही छत्तीस. माणसं अशी नसतात हो." मग त्यानं कप खाली ठेवला आणि जरा थांबून विचारलं, "चढताना मला चौघंच दिसतात. बाकीचे मागच्या डब्यात बसत असतील ना?" आता हे वाक्य सरांनी किती वेळा उलटंपालटं करून बघितलं होतं! त्या पोरानं दार उघडून धरलं होतं. 'असतील' एवढं म्हणायचं होतं. पूर्ण वाक्यसुद्धा नको होतं, मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याला स्वतःलाही घरी जायचं होतं, अहवाल संपवायचा होता. मागच्या डब्यात म्हणजे मागच्या डब्यात. आणि सर म्हणाले, "नाही. ते चढत नाहीत. नुसती तिकिटं घेतात." पोराचा चेहरा पडला. त्यानं ते लिहिलं. देवखडीचे आकडे खोटे निघाले म्हणून मधल्या सगळ्या हॉल्टचे आकडे वरच्या ऑफिसनं बाद केले, आणि उरले ते आकडे गाडी चालवायला पुरेसे नव्हते. हे सगळं व्हायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत सर रोज त्याच गाडीत, त्याच खिडकीशी बसले, रेश्माशी बोलले, हॉल्टवर उभ्या राहिलेल्या माणसांना त्यांनी हात केला. काल, रविवारी, आप्पासाहेबाचा फोन आला. ज्ञानेश्वरानंच घात केला, असं तो म्हणाला. दोनदा कुरकुरला तोच फितूर, दुसरं कोण असणार? गावानं ठरवलं होतं की त्याच्या गिरणीवर कुणी दळण न्यायचं नाही. सर फोनवर 'हं' म्हणाले. ते 'हं' रात्रभर त्यांच्या छातीवर बसून होतं.

बस एका फाट्यावर थांबली. दोन बायका पाट्या घेऊन चढल्या आणि बसभर ओल्या मेथीचा वास झाला. कृपाला मेथी निवडायला आवडायची. शेवटच्या महिन्यातसुद्धा, हात थरथरत असताना, ती म्हणायची, जुडी द्या इकडे, मला नुसतं बसवत नाही. त्याच महिन्यात, एका दुपारी, तिनं विचारलं होतं. मार्क डॉक्टरांकडे गेला होता, शॅरन स्वयंपाकघरात होती. घरात सगळ्यांचं ठरलं होतं. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं की त्यांना उमेद राहू द्या. कृपानं सरांचा हात धरला आणि विचारलं, मी बरी होईन ना? तिनं 'ना' लावलं होतं. एवढं मराठी शिकवणाऱ्या माणसाला ते 'ना' ऐकू आलं नसेल? आलं होतं. तरी सर म्हणाले, नाही, कृपा. आणि मग त्यांना वाटलं होतं की आपण तिचा मान ठेवला. चाळीस वर्षं जिच्याशी एक शब्द खोटा बोललो नाही, तिच्याशी शेवटी कसं बोलायचं? कृपानं हात सोडवून घेतला नाही. हळूच तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिनं मेथीची जुडी मागितली नाही. पेजेचा चमचा ओठाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. अकरा दिवसांनी गेली. ती कशीही जाणारच होती, असं डॉक्टर म्हणाले. मार्क काहीच म्हणाला नाही. फक्त वर्षश्राद्धाच्या वेळी, म्हणजे त्यांच्याकडे जी आठवणीची प्रार्थना असते तिच्यानंतर, खुर्च्या उचलता उचलता तो बोलून गेला: "बाबा, सगळ्यांनी मिळून तिला एक गोष्ट द्यायची ठरवली होती. तुम्ही तेवढी दिली नाहीत." सरांनी यावर पुष्कळ विचार केला. खरं बोलणं हा आपला गुण आहे असं ते धरून चालले होते. शाळेत त्यासाठी त्यांचं नाव होतं. आता त्यांना शंका यायची की हा गुण नसून कंजूषपणा असावा. काही माणसं हातची चवली सोडत नाहीत, तसं आपल्याला आपलं खरेपण सोडवत नाही. दुसरा बुडाला तरी चालेल, आपला हात कोरडा राहिला पाहिजे. ही शंका आली की सरांना भीती वाटायची, कारण मग एकाहत्तर वर्षांत उरतंच काय?

देवखडी फाट्यावर उतरून ते चालू लागले तेव्हा आठ वाजून गेले होते. गावात नेहमीसारखीच सकाळ होती. डेअरीसमोर कॅन धुतले जात होते. फळ्यावरची यादी अजून तशीच होती, सोमवार, मळ्याची वस्ती. ज्ञानेश्वराच्या गिरणीचं दार उघडं होतं. एरवी या वेळी तिथे डब्यांची रांग असायची. आज तो एकटाच उंबऱ्यावर बसला होता, अंगावर पिठाचा कण नाही. सरांना बघून त्यानं नमस्कार केला आणि मान खाली घातली, जणू त्यानं खरंच काही केलं होतं. गावानं एखाद्याला चोर ठरवलं की तो चोरासारखा बसायला लागतो, हे सरांनी वर्गात कितीदा पाहिलं होतं. ते थांबले नाहीत. त्याच्याशी बोलायचं ते आप्पासाहेबाशी बोलल्यावर, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि पाय उचलला.

आप्पासाहेब ओसरीवर बसला होता. जवळ मळ्याच्या वस्तीवरची दोघं-तिघं होती. पहाटे ती सवयीनं हॉल्टवर जाऊन आली होती, एजंटाच्या खोलीला कुलूप बघून परत फिरली होती. म्हणजे शरीराची कीव फक्त आपल्याच वाट्याला आलेली नाही, हे कळून सरांना आणखीनच वाईट वाटलं. राहीबाईनं, आप्पासाहेबाच्या बायकोनं, पाणी आणून दिलं. बोलणं ज्ञानेश्वराचंच चाललं होतं. सरांनी तांब्या खाली ठेवला. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "आप्पा, ज्ञानेश्वर नाही. मी सांगितलं. मोजणीवाल्यानं मला विचारलं आणि मी सांगितलं." आतून कुकरची शिट्टी झाली. आप्पासाहेबानं आपल्या सरांकडे बघितलं, मग इतरांकडे, मग पुन्हा सरांकडे. त्याला राग येत नव्हता, आणि येत नाही म्हणून तो गोंधळला होता. तो म्हणाला, "सर, खरं बोलायला तुमीच शिकवलं आमाला. पर तवा गावात गाडी नव्हती." मग तो उठला, चपला घातल्या आणि गिरणीकडे निघाला. ज्ञानेश्वराला सांगायला. जाता जाता त्यानं राहीबाईला सांगितलं की दळणाचा डबा काढून ठेव. बाकीचेही उठले. कुणी सरांना काही बोललं नाही. जाताना एकानं, सवयीनं, त्यांच्या पायाला हात लावला, आणि सरांना वाटलं, यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रेश्मा आतून बाहेर आली. दुपारची ड्युटी होती. साडेनवाच्या जीपनं ती निघणार होती. हातात मोठी बॅग होती, सहा महिन्यांपूर्वी माळ्यावर टाकलेली. तिनं ती ओसरीच्या कोपऱ्यात, दारामागे ठेवली, अंगणातून दिसणार नाही अशी. अंगणात निकिता शेळीच्या करडाला पाला घालत होती. रेश्मा खांबाला टेकली. सर तिला म्हणणार होते की मला माफ कर. दोन महिने ते हे वाक्य घासून पुसून तयार ठेवत होते. पण तीच आधी बोलली. "मला ठाव हुतं, सर. तुमी त्याला सांगितलं तवा मी मागच्याच बाकावर हुते."

दोन महिने हिला माहीत होतं! दोन महिने ही रोज समोर बसली, डब्यातली चटणी पुढे केली, निकीनं काय केलं ते सांगितलं. सरांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? ज्ञानेश्वराचं नाव आलं तेव्हा तरी?

"काय बोलू? तुमी खोटं बोलला न्हाईत. खोटं आमचं हुतं. आन तुमचं नाव घेतलं असतं तर मामंजी पुन्हा तोंड वर करून बसले नसते." ती जराशी हसली, पण ते हसणं लगेच विझलं. "पर एक सांगू का? त्यानं विचारलं आन तुमी बोलायच्या आधी जरा थांबला. तेवढ्यात मी देवाला म्हनलं, सरांना ठसका लागू दे. नुसता ठसका. तेवढ्यात त्यानं मागचा डबा लिहून टाकला असता." सर खाली बघत राहिले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटांचे अर्धगोल उमटलेले होते, एकाला एक लागून, उंबऱ्यापर्यंत.

मग रेश्मा जवळ येऊन बसली आणि आवाज खाली करून बोलू लागली. आजपासून आपण पुन्हा हडपसरला राहणार आणि रविवारीच घरी येणार, हे निकिताला तिनं सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आई जाते आणि रात्री गाडीनं येते, हे पोरगीला आता पाठ झालं होतं; आज ती तशीच जाऊ देईल. पण संध्याकाळ व्हायच्या आत विचारायला लागेल. आजी-आजोबांनी काही सांगितलं तर ती मानणार नाही. आधीची दोन वर्षं त्यांनी तिला रोज 'उद्या येईल हां' म्हणून झोपवलं होतं आणि त्यांचं उधारीचं खातं कधीच बुडालं होतं. सरांचं मात्र ती ऐकायची. शनिवारी सर देवखडीला उतरून दिवस काढायचे, तेव्हा एकदा तिला लस द्यायची होती. सगळी म्हणत होती, दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं. सर म्हणाले होते, दुखतं, पण तीन आकडे मोजेपर्यंतच. तिनं तीन आकडे मोजले आणि खरंच थांबलं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट खरी की खोटी हे ती सरआबांना विचारून ठरवायची. "आज ती विचारंल," रेश्मा म्हणाली, "तर येते म्हना. पयली रात्र तेवढी जाऊ द्या. उद्या मी फोनवर सांगंन काय ते." हे बोलताना तिनं सरांचा हात धरला नव्हता, डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. नर्सनं नातेवाइकाला गोळ्यांची वेळ सांगावी तशी ती सांगत होती. सरांनी मान हलवली की नाही, हे त्यांना स्वतःलाच नीट कळलं नाही. जीपचा हॉर्न वाजला. रेश्मानं बॅग पदराआड धरून मागच्या दारानं नेली, मग मोकळ्या हातांनी अंगणात येऊन निकिताची पापी घेतली आणि रोजच्यासारखी 'टाटा' करून गेली.

दहाच्या सुमाराला पोरीनं करडाला सोडलं. कशानं तिला कळलं, कुणास ठाऊक. आई गाडीऐवजी जीपनं गेली म्हणून, की सकाळी भोंगा वाजला नाही म्हणून, की आजी सारखी डोळे पुसत होती म्हणून. ती ओसरीवर आली, राहीबाईकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरांच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "सरआबा, मम्मी आज येनार ना?"

तोच 'ना'. सरांना पेजेच्या वाटीचा वास आला, औषधांचा आला, उन्हात तापलेल्या पडद्याचा आला. त्यांनी तोंड उघडलं. जीभ जड झाली होती, तिला हा रस्ता ठाऊक नव्हता. एवढंच तर कृपानं मागितलं होतं. एवढंसंच, एका शब्दाचं, ज्याला पैसे पडत नाहीत, जे कुणीही येता-जाता देतं. आणि आपण ते घट्ट मुठीत धरून बसलो, आणि ती भिंतीकडे तोंड करून उपाशी गेली. "येणार," सर म्हणाले. आवाज फाटला म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "येणार. संध्याकाळच्या गाडीनं."

निकिताचा चेहरा एकदम सैल झाला. तिनं शंका काढली नाही, पुन्हा विचारलं नाही. तिनं सरांचं बोट धरलं आणि म्हणाली, "मंग चला." राहीबाईनं आतून हाक मारली, अगं आत्ता कुठं, जेवून जा. पण पोरगी उंबऱ्याखाली उतरली होती आणि बोट सोडत नव्हती. शेताच्या कडेनं, बाभळीखालून, ती दोघं हॉल्टवर आली. फलाटावर कुणी नव्हतं. एजंटाच्या खोलीला कुलूप होतं आणि पत्र्यावर एक कावळा नखं वाजवत फिरत होता. सिमेंटच्या बाकावर ऊन आलं होतं. सर बसले, निकिता त्यांना चिकटून बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते, ते ती हलवत राहिली. लांब दौंडच्या बाजूला रूळ तापून चकाकत होते.

"लई येळ हाय का?" तिनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले, "आता येईलच." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. अकरा वाजत होते. गाडीची वेळ रात्री आठची होती. सरांनी खिशातला रुमाल काढला, त्याच्या चारी टोकांना गाठी मारल्या आणि ती टोपी पोरीच्या डोक्यावर घातली.